शिवलेली स्केचबुक की सुटे कागद?

माध्यमिक शाळेतील चित्रकलेच्या वर्गासाठी शिवलेली स्केचबुक घ्यावी की सुटे कागद फोल्डरमध्ये ठेवावेत, असा पेच एका कलाशिक्षिकेने मांडला, म्हणून कागद, टिकाऊपणा आणि मोकळीक या कसोट्यांवर दोन्ही पर्याय पडताळून पाहिले.

साध्या स्केचबुकमधला साधारण १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद पेन्सिल झेलतो, पण जलरंगाचा ओला हात फिरताच फुगून वाकडा होतो. सुट्या कागदांत त्या दिवसापुरता ३०० जीएसएमचा जाड कागद घेता येतो. टिकाऊपणात स्केचबुक पुढे आहे, मात्र कोळशाचे चित्र समोरच्या पानावर उमटते.

खरा फरक मोकळिकीत दिसतो. सुटा कागद बिघडला की विद्यार्थी तो चुरगळून टाकतो, आणि हाताच्या पंजाची सहा रेखाटने फसल्यानंतर सातव्यात अंगठ्याची ठेवण कशी साधली, हा प्रवास कुणालाच दिसत नाही. स्केचबुकमध्ये तो पानोपानी राहतो. अर्थात, ती गुणांसाठी तपासली जाणार म्हटल्यावर काही मुले पहिले पान कोरेच ठेवतात, पण माझ्या मते हा दोष स्केचबुकचा नसून तपासणीचा आहे.

रोजचा सराव, नोंदी आणि स्वतःच्या कल्पना फुलवायच्या असतील, तर स्केचबुक योग्य. जलरंगाचे काम किंवा प्रदर्शनाची तयारी असेल, तर सुटे कागद घ्यावेत.