थार पेट्रोल ऑटोमॅटिक: आठ महिने आणि एक गिरकी

आमचं गाव आर्वीपासून आत. घरी कापूस आन् तूर, त्यामुळं सगळ्यांचा एकच धोशा, "डिझेल घे." मी दोन लिटर टर्बो पेट्रोलची तीन दारांची थार घेतली. ताकद १५० बीएचपी, टॉर्क ३२० एनएम, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचा व्हीलबेसही एवढाच, हे गावात दहा जणांना ऐकवून झालंय. ती जमिनीला चिकटून पळते आणि ही उंटासारखी उभी, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

ॲव्हरेजचं विचारू नका, दोष पायाचा आहे.

टू-एचमध्ये, म्हणजे रोजच्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये, सगळी ताकद मागच्या चाकांना. जोरात दाबलं की घसरेल, ही भीती मला होती. म्हणून दाबताना सांभाळायचो. गाडी फिरली ती पाय उचलल्यावर. सोयाबीन काढणीचे दिवस, डांबरी रस्त्यावर वळणातच कुटार (मळणीचा भुसा) पसरलेलं. साठच्या वेगात ते दिसलं, पाय झटक्यात काढला, वर ब्रेक. वजन सगळं पुढं आलं, मागची चाकं हलकी झाली आणि शेपूट बाहेर. लांब गाडी अशा वेळी थोडा अवधी देते. आखूड गाडी कळायच्या आत आडवी होते. ईएसपीनं, म्हणजे घसरती गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेनं, सावरलं, नालीच्या अलीकडं थांबलो. शेजारी बसलेले मोठे बाबा म्हणाले, "काऊन बे, गाडी हाय का भवरा?"

तेव्हापासून ब्रेक वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असतानाच. वळणात पाय हलका, पण ॲक्सिलरेटरवर टेकलेला. सोडायचा तर हळूहळू. चिखलदऱ्याचा घाट उतरताना मॅन्युअलमध्ये टाकून खालचा गिअर वळणाआधीच घेतो. मधेच घेतला तर इंजिन मागच्या चाकांना धरून ओढतं, पुन्हा तेच नाटक. ईएसपी बंद करायचं बटण आहे. पोट्टे सांगतात, दाबून बघ. नाही दाबत.

पावसाळ्यात खरी परीक्षा डांबरावर चढल्यावर होते. वावरातली काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसते. पुढचे शे-दोनशे मीटर लोण्यावरून गेल्यागत. ती उडून जाईपर्यंत मी तीसच्या वर जात नाही. चिखलात फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावतो, पण कोरड्या डांबरावर आठवणीनं काढतो. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसल्यानं वळताना ती एकमेकांशी भांडतात.

समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची आहे, मी शंभरावर समाधानी. ट्रेलरला ओलांडताना हवेचा धक्का बसतो, उंच अंगामुळं जरा जास्तच. तेव्हा स्टिअरिंग आवळून धरू नये. बोटभर दुरुस्ती पुरते.

पुतण्या किल्ली मागतो. वावरापर्यंत देतो. घाट अजून नाही.