बर्गनमधला मोकळा दिवस: एका नॉर्वे सहलीचा अनुभव

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका पर्यटन कंपनीबरोबर आम्ही उभयता सप्टेंबरमध्ये नॉर्वेला जाऊन आलो. रोज पहाटे सामान बांधून बसमध्ये बसण्याच्या त्या सहलीत बर्गन या बंदराच्या शहरातला एक दिवस कंपनीने पूर्ण मोकळा ठेवला होता आणि आमचे पैसे खऱ्या अर्थाने त्याच दिवशी वसूल झाले.

मुक्काम बंदराजवळच असल्याने सावकाश न्याहारी करून आम्ही ब्रिगेनला चालत गेलो. हान्सा या मध्ययुगीन व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची ही लाकडी वखार १७०२ च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर पुन्हा उभी राहिली आणि १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. धक्क्यावरून दिसणाऱ्या रंगीत घरांची छायाचित्रे सगळेच काढतात; परंतु मधल्या अरुंद बोळांत शिरल्याखेरीज ही जागा कळत नाही. पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले सज्जे आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास. उत्तरेकडचे सुकवलेले कॉड मासे इथे साठवले जात आणि त्यांच्या बदल्यात धान्य येई. आगीच्या धास्तीने या घरांत चूल पेटवण्यास मनाई होती, म्हणून स्वयंपाकाच्या आणि शेकण्याच्या इमारती मागे वेगळ्या बांधलेल्या होत्या. एक दाराची चौकट तर इतकी कलली होती की दार तिच्या कलाप्रमाणे तिरके कापून बसवले होते. शिवाजी पेठेतले वाडे एकामागून एक उतरवलेले पाहिल्यामुळे आमचा तिथून पाय निघेना.

दुपारी मासळी बाजारात साय घातलेले माशाचे सूप घेतले. पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला ते सौम्य वाटले, मासा मात्र अतिशय ताजा होता. नंतर १९१८ पासून चालणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेने फ्लोयेन डोंगरावर ३२० मीटर उंचीपर्यंत गेलो आणि उतरताना झाडीतून पायी आलो.

तक्रार एकच आहे. डोंगरांनी वेढलेल्या बर्गनला बारमाही पाऊस असतो, तरी कंपनीच्या यादीत केवळ 'गरम कपडे' एवढेच लिहिले होते. गगनबावड्याला पावसाळ्यात जाताना आपण कोणी रेनकोट विसरत नाही. पण इथे आधी सांगितलेच नसल्याने आमच्यातील एक वृद्ध जोडपे दिवसभर खोलीतच बसून राहिले, याचे फार वाईट वाटले. पुढच्या तुकडीच्या माहितीपत्रकात रेनकोट आणि न घसरणारे बूट यांचा स्पष्ट उल्लेख करावा, असे मी कार्यालयात लेखी दिले आहे.