पेशीमृत्यू मोजताना: एलडीएच चाचणी की दुहेरी रंजन?

भरून न निघणाऱ्या इजेने पेशीचे पटल फाटले की आतले लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच) हे विकर भोवतालच्या द्रवात झिरपते. ते मोजणारी एलडीएच चाचणी सोपी असली, तरी ती साऱ्या पेशींचा एकत्रित आकडा देते आणि पेशी वाढवण्याच्या माध्यमातील सीरममध्ये (रक्तातील द्रवात) मुळातच असलेले हेच विकर त्यात मिसळते. याउलट अ‍ॅनेक्सिन-व्ही हे रंग जोडलेले प्रथिन आणि प्रोपिडियम आयोडाइड हा रंग यांचे दुहेरी रंजन फ्लो सायटोमीटर या यंत्रात एकेक पेशी तपासते: पहिले पटलाच्या बाहेरच्या बाजूस आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिन या मेदद्रव्याला चिकटते, दुसरे फाटक्या पटलातून शिरून डीएनएला रंगवते. केवळ पहिला रंग बहुधा अ‍ॅपॉप्टोसिसचा, म्हणजे नियोजित मृत्यूचा, आरंभ सुचवतो. दोन्ही दिसल्यास मात्र नेक्रोसिस, म्हणजे इजेने ओढवलेला अनियोजित मृत्यू, की अ‍ॅपॉप्टोसिसची अखेर, हे एकाच नमुन्यावरून ठरत नाही. म्हणून मी दुहेरी रंजनच निवडेन, पण ठरावीक अंतराने अनेक नमुने घेऊन.