शाळेच्या दारातली थर्मल गन: यंत्र बरं, जागा चुकीची

कोरोनाच्या काळात शाळा उघडायची म्हटलं की तीन वस्तूंची सोय आधी करावी लागे: ताप मोजायची थर्मल गन, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आणि पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड. विदर्भातल्या खेड्यांत कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या कपाटात ह्या तिन्ही वस्तू अजून आहेत. डेंग्यू, स्क्रब टायफस किंवा साधा व्हायरल, गावात तापाची साथ आली की गन पुन्हा बाहेर निघते आणि तेव्हाच्याच चुका पुन्हा होतात. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. बाजारात मिळणाऱ्या ह्या प्रकारच्या यंत्राचं आहे, आणि तेही खेड्यातल्या शाळेच्या कामासाठी.

निकाल आधीच सांगून टाकतो. गनला पाचपैकी तीन, ऑक्सिमीटरला शाळेपुरते दोन, स्टँडला एक. गनचे दोन गुण कापले त्यात यंत्राचा दोष थोडा, ती फाटकावर उन्हात चालवण्याच्या पद्धतीचा जास्त.

गन अंगातला ताप थेट मोजत नाही. कपाळाच्या कातडीतून जी उष्णता बाहेर पडते ती पुढच्या भिंगातून आतल्या सेन्सरवर पडते. कपाळाची कातडी अंगापेक्षा थंड असते, साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस. गन त्यात ठरावीक भर घालते आणि अंगाचं तापमान म्हणून आकडा दाखवते. ही भर सावलीत शांत बसलेला माणूस धरून ठरवलेली असते. दोन किलोमीटर सायकल हाणत आलेल्या पोट्ट्याचं कपाळ उन्हाने तापलेलं असतं. तो ठणठणीत असला तरी गन १०१ फॅरनहाइट दाखवू शकते. उलट ज्याचं कपाळ घामाने ओलं आहे, त्याला खरा ताप असला तरी ९७ येतो, कारण घाम सुकताना कातडी थंड होते. पहिली चूक पोराला घरी पाठवते, दुसरी आजारी पोराला वर्गात बसवते. दुसरी जास्त वाईट, पण ती कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तेव्हा गन बोंबलत नाही.

माहितीपत्रकात ‘वापरायचं तापमान’ अशी एक ओळ असते. मॉडेलप्रमाणे ती १० किंवा १५ पासून ३५ किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत असते. ही ओळ कोणी वाचत नाही, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० ला आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला उघडले. दोन्ही वेळा थंडीच्या सकाळी. पारा दहाच्या आसपास असला की गनवर ‘लो’ येतं किंवा ९४-९५ सारखे अशक्य आकडे येतात, आणि गन बिघडली असं समजून नवी मागवली जाते. कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी १५ जुलै २०२१ पासून सुरू झाली, ती पावसात: केस ओले, कपाळ ओलं, भिंगावर दमटपणा. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, म्हणजे ऑक्टोबर हीटमध्ये. पहिली ते चौथीची लेकरं १ डिसेंबर २०२१ ला आली, पुन्हा थंडीत. दर खेपेला ऋतू वेगळा, त्यामुळे त्याच गनचा दर खेपेला वेगळा दोष दिसला. एप्रिलमधली सकाळची शाळा सात-साडेसातला जमते. ती निभते, पण अकरानंतर उघड्यावर घेतलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

उपाय साधा आहे: मोजायची जागा बदला. फाटकावर मोजू नका, व्हरांड्यात मोजा. पोरांना सावलीत दहा-पंधरा मिनिटं बसवा. परिपाठ व्हरांड्यातच वर्गवार अंतराने घेतला तर हा वेळ वेगळा काढावा लागत नाही. गनही त्याच व्हरांड्यात वीस मिनिटं आधी काढून ठेवा. गाडीच्या डिक्कीतून किंवा ऑफिसच्या कूलरसमोरून थेट आणलेली गन स्वतःच गरम किंवा गार असते आणि चुकीचं मोजते. मोजताना पोरावर पंख्याचा किंवा कूलरचा झोत नको. दुपट्टा, टोपी, कानपट्टी पाच मिनिटं आधी काढायला लावा, कारण त्याखालचं कपाळ गरम असतं. घाम कोरड्या फडक्याने टिपा. कुंकू, अष्टगंध, भस्म किंवा तेल असेल तर ती जागा सोडून भुवईच्या वर बाजूला मोजा.

गन कपाळासमोर सरळ धरायची, तिरपी नाही. अंतर बहुतेक मॉडेलांत ३ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. संसर्गाच्या भीतीने हातभर लांबून दाबण्याची सवय तेव्हा लागली ती अजून गेलेली नाही. लांबून धरली की भिंगाच्या टप्प्यात कपाळासोबत केस आणि मागची भिंत येते, आणि आकडा ह्या सगळ्यांची सरासरी होतो. भिंत तापलेली असेल तर तो वर जातो, थंड असेल तर खाली. मनगटावर मोजणं तर सोडूनच द्या; थंडीत मनगट कपाळापेक्षाही गार असतं.

बीप होईपर्यंत हात हलवू नका. दोन वेळा घ्या. दोन आकड्यांत अर्ध्या अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या आणि मधला लिहा.

मर्यादा कोणती धरायची ह्यावरही बराच गोंधळ झाला. ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट, म्हणजेच ३८ सेल्सिअस. ९८.६ च्या वर गेलं की परत पाठवा असं करणाऱ्या शाळांनी निरोगी पोरं घरी पाठवली. दुपारी धडधाकट पोराचं अंगही ९९ असू शकतं. किती आकड्याला गनने बोंबलायचं, ही बीपची मर्यादा आपल्याला बदलता येते. बऱ्याच मॉडेलांत बटण दाबून धरलं की एफ-१ ते एफ-४ असा मेनू येतो: एफ-१ सेल्सिअस की फॅरनहाइट, एफ-२ बीपची मर्यादा, एफ-३ आकड्यात करायची वाढ-घट, एफ-४ आवाज. यातलं एफ-३ म्हणजे खरी डोकेदुखी. कोणीतरी खेळता खेळता तिथे अर्धा-एक अंश वाढवून ठेवतो आणि मग महिनाभर अख्ख्या शाळेला ताप येतो. गन विचित्र वागायला लागली की बॅटरीच्याही आधी एफ-३ शून्यावर आहे का ते बघा. मग ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ ह्यांतला कुठला मोड चालू आहे ते बघा. सरफेसवर असेल तर ९२-९३ दिसेल. तो कातडीचा खरा आकडा आहे, बिघाड नाही.

भिंग मळलं की आकडा खाली येतो. कानकाडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा आणि सुकू द्या. हातावरचा जेल सॅनिटायझर भिंगावर कधीच नको, त्याचा चिकट थर राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सेल काढून ठेवा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर बंद खोलीच्या उकाड्यात सेल गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय चढते. पॉलिश पेपरने घासून ती निघते, पण पट्टी खाल्ली गेली असेल तर गन गेली.

आता हिशेब. १२० पोरांच्या शाळेत गन एका सेकंदात मोजते हे खरं, पण नाव, केस बाजूला करणं आणि नोंद धरून एका पोराला दहा सेकंद लागतात. म्हणजे वीस मिनिटं. आणि सहा-सहा फुटांवर रांग लावली तर ती सातशे फुटांवर जाते; तेवढं पटांगण किती शाळांकडे आहे? वर्गवार व्हरांड्यात मोजलं की रांगच लागत नाही. यात एक तोटा आहे, तो लपवायचं कारण नाही: ज्याला खरंच ताप आहे तो मोजण्याआधी पंधरा मिनिटं बाकीच्यांसोबत बसतो. अंतर आणि उघडा व्हरांडा असला तर हे परवडतं. फाटकावरचे खोटे आकडे त्याहून महाग पडतात. तसंही लक्षणं नसलेला बाधित मुलगा गनला कुठेच सापडत नाही, ना फाटकावर, ना व्हरांड्यात.

दोन्ही वेळा १००.४ किंवा वर आलं तर पोराला बाजूला बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि मग साधा डिजिटल थर्मामीटर लावा. जिभेखाली लावलेला उत्तम. लहान लेकरू असेल तर काखेत, पण काखेतला आकडा तोंडापेक्षा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. घरी पाठवायचं की नाही हे ह्या थर्मामीटरवर ठरवा, गनवर नाही. वेगळी खोली नसेल तर व्हरांड्याचं टोक चालतं. पोषण आहाराच्या किचन शेडमध्ये मात्र बसवू नका. पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत मायबाप वावरात असतात, फोन घरी राहतो. म्हणून रजिस्टरमध्ये पालकाच्या नंबरासोबत शेजाऱ्याचा आणि आशाताईंचा नंबर असू द्या. आकड्याशेजारी वेळ आणि ‘ऊन’ की ‘सावली’ एवढं लिहिलं तरी नंतर वाद होत नाही.

लसीकरणाच्या दिवसांतही गनने गोंधळ घातला. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वयोगटाला कॉर्बेव्हॅक्स मिळू लागली. दोन्हींचा दुसरा डोस २८ दिवसांनी. लसीनंतर एक-दोन दिवस अंग गरम होणं अपेक्षितच असतं. लसीच्या दुसऱ्या दिवशी एका वर्गात चार-पाच जणांवर गन वाजली तर पहिल्यांदा लसीची तारीख बघायला हवी. शाळेत कुठलीही लस दिली जाते तेव्हा ती तारीख ताप-रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहून ठेवावी. खोकला, घशाची खवखव किंवा दोन दिवसांपुढे ताप असेल तर मात्र लसीवर ढकलू नये.

ऑक्सिमीटर शाळेत फार कामाचा नाही. मोठ्यांचा क्लिप पहिली-दुसरीच्या बोटावर सैल बसतो, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा नाचतो. अंगठ्याला लावला तर थोडा बरा चालतो. गार बोट, मेंदी, नेलपॉलिश, हालचाल, ह्या सगळ्यांनी तो चुकतो. बोट चोळून गरम करा, हात टेकवून ठेवा आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की मगच लिहा. सावळ्या कातडीवर तो थोडा जास्त दाखवू शकतो, म्हणून ९४-९५ दिसत असेल आणि पोरगं धापा टाकत असेल तर पोराकडे बघा, आकड्याकडे नाही. पूर्व विदर्भात अजून एक गोष्ट सांभाळायची: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. ज्याला हा आजार आहे त्याचा नेहमीचा आकडाच इतरांपेक्षा कमी असू शकतो आणि यंत्राचा अंदाजही कमी भरवशाचा असतो. अशा मुलाचा बरा असतानाचा आकडा आधीच लिहून ठेवा. आजारपणात तुलना त्याच्याशी करा. आणि विकत घेताना दुकानातच पेन्सिलीला लावून बघा. पेन्सिलीचा ऑक्सिजन ९८ आणि नाडी ७२ दाखवणारी खेळणी २०२१ मध्ये खूप विकली गेली.

स्टँडबद्दल थोडक्यात. जेल नळीत सुकतो, तार ताणते, पेडल खाली गेलं की वर येत नाही. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून चुलीपासून लांब. मातीने भरलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण-पाणी करतं. स्टँडचे पैसे नळाच्या तोट्यांवर लावा.

पैशांचं गणित पट बघून करा. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये असा हिशेब आहे. तीस पोरांच्या शाळेने गन घेऊच नये. दीड-दोनशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर आणि स्पिरिटचा कापूस पुरतो. एक पुसून सुकेपर्यंत दुसरा वापरायचा. शंभराच्या पुढे पट असेल तर एक गन घ्या. २०२० च्या टंचाईत ह्या वस्तूंच्या किमती वाट्टेल तशा होत्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटरसह पाच उपकरणांवर व्यापाऱ्याचा नफा ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, त्यानंतर भाव उतरले.

गन घेताना एवढं बघा. तिच्यातून लाल ठिपका पडत असेल आणि खोक्यावर उणे ५० ते ३८० अंश असं लिहिलं असेल, तर ती कारखान्यातल्या मोटारी तपासायची गन आहे. तिची चूक दीड-दोन अंश सेल्सिअस असते, त्यात ताप शोधता येत नाही, आणि तो लेझर पोरांच्या डोळ्यांवर जाणं धोक्याचं. हार्डवेअरच्या दुकानात हीच ‘थर्मल गन’ म्हणून हातात देतात. वैद्यकीय गनवर ३२ ते ४२ किंवा ४३ अंश असा छोटा पल्ला आणि ०.२ किंवा ०.३ अंशाची चूक लिहिलेली असते. सेल कुठेही मिळणारे, एएए आकाराचे असावेत. बिल शाळेच्या नावाने घ्या आणि त्यावर मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘थर्मल मशीन – १ नग’ लिहिलेल्या बिलावर दुकानदार वॉरंटीत बदलून देत नाही.