सर्व्हरवर फाइली चढवायला एससीपी की आरसिंक?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या वेबसाइट सांभाळणारी पोरं हमखास विचारतात: सोलापुरातल्या ऑफिसातून लिनक्स सर्व्हरवर फाइली पाठवायला एससीपी बरं की आरसिंक? या दोन्ही फाइली कॉपी करायच्या कमांड. दोन्ही फुकट आणि दोन्ही एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून चालतात. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या कामाला आरसिंकच.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगसारखी (सेटिंगची) एखादी फाइल टाकायची असेल, तर एससीपी पुरे. पोर्ट बदललेला असेल तर एससीपीला मोठा पी (-P) द्यायचा, एसएसएचला छोटा (-p). आरसिंक मात्र दोन्ही टोकांना इन्स्टॉल असावं लागतं. होस्टिंगवाल्याकडे ते नसेल तर विषयच संपला.

खरा फरक कळतो तो कॅटलॉग चढवताना. नव्या डिझाइनच्या चादरींचे चारशे फोटो जाताहेत आणि मध्येच लाइट गेली. तीच कमांड पुन्हा दिली की एससीपी पहिल्या फोटोपासून सगळं परत पाठवतं. आरसिंक फाइलचा आकार आणि वेळ ताडून बघतं, पोचलेले फोटो सोडतं आणि उरलेले तेवढे पाठवतं. त्यासाठी 'ए' (-a) हा पर्याय द्यायलाच हवा, नाहीतर फाइलची मूळ वेळ तिकडे जात नाही आणि पुढच्या खेपेला सगळ्याच फाइली बदललेल्या वाटतात.

दुसरी गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. एससीपी सर्व्हरवरच्या चालू फाइलवरच लिहीत जातं, त्यामुळे नेमक्या त्या वेळी साइट उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला अर्धा फोटो किंवा मोडकी सीएसएस (साइटच्या सजावटीची फाइल) मिळू शकते. आरसिंक आधी तात्पुरत्या, लपलेल्या नावाने फाइल पूर्ण उतरवतं आणि मगच नाव बदलतं. पण प्रगती दिसावी म्हणून आरसिंकला मोठा पी लावलात, तर लाइन तुटल्यावर अर्धवट फाइल मूळ नावानेच राहते. मोठ्या फाइलींसाठी 'पार्शल-डिर' वापरा, म्हणजे तो अर्धा तुकडा वेगळ्या फोल्डरात पडून राहतो.

आरसिंकमध्ये जपायचं ते 'डिलीट'ला. तुमच्याकडे नाही ते सगळं तो सर्व्हरवरून उडवतो, म्हणजे गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या डिझाइनचा अपलोड्स फोल्डरसुद्धा! तो 'एक्सक्लूड'मध्ये टाका आणि दर वेळी आधी 'एन' (-n) लावून काय-काय होणार त्याची यादी वाचा. त्यात प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. पाठवायच्या फोल्डरच्या नावाच्या शेवटचा स्लॅशही बघा. तो असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो आणि 'पब्लिक'च्या आत आणखी एक 'पब्लिक' तयार होतो.

विंडोज १० किंवा ११ वर एससीपी आयतं मिळतं, आरसिंकसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागतं. आठवड्यातून एकदा जरी कॅटलॉग बदलत असाल, तरी ते टाकून घ्या.