दाण्यांवर जीव असलेला बोका : ड्राय फूड ठेवावे की वेट फूडकडे वळवावे?

मांजर ड्राय फूडच्या दाण्यांसाठी जीव टाकते आणि वेट फूडची वाटी नुसती हुंगून निघून जाते, अशा वेळी त्याच्या आवडीप्रमाणे चालू द्यावे की हळूहळू ओल्या खाण्याकडे वळवावे, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे रेंगाळला होता. आमचा बंडू नसबंदी झालेला, चार किलोंचा बोका आहे आणि सहकारनगरमधल्या आमच्या फ्लॅटबाहेर तो पाऊल टाकत नाही. त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः घरातच राहणाऱ्या बोक्यांना लागू आहे. बाहेर फिरून शिकार करणाऱ्या मांजराची गोष्ट वेगळी असू शकेल.

दाण्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी वाटी भरून दोघांनाही निर्धास्तपणे कामावर जाता येते, घरात वास राहत नाही आणि खर्चही बेताचा असतो. दाण्यांनी दात स्वच्छ राहतात असे पुष्कळ जण सांगतात, परंतु बंडू बहुतेक दाणे अख्खेच गिळतो आणि क्वचित ओकला तर ते जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून हा मुद्दा मी फारसा धरत नाही.

वेट फूडची खरी जमेची बाजू म्हणजे पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांना लागणारे बरेचसे पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळत असे, आणि ती मंद तहान आजच्या मांजरातही उतरली आहे. दाण्यांत पाण्याचा अंश 10 टक्क्यांच्या आसपास असतो, तर वेट फूडच्या पाउचमध्ये (छोट्या बंद पाकिटात) तो 75 ते 80 टक्के असतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे दाट लघवीत स्फटिक झाले आणि मार्ग अडला, तर दिवसभर वाट पाहण्याइतकाही वेळ हाताशी नसतो. तडक दवाखाना गाठावा लागतो. आमच्याकडे मोजमाप असे काही नव्हते, पण दाण्यांवर असताना लिटरमध्ये, म्हणजे मांजराच्या शौचासाठी ठेवलेल्या, भिजल्यावर गोळा होणाऱ्या वाळूत, सुपारीएवढे सापडणारे लघवीचे गोळे वेट फूड सुरू झाल्यावर लिंबाएवढे झाले, आणि मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

असे असले तरी निर्णय झाला तो पाण्यावरून नव्हे, तर दाणे सादळण्यावरून. हे दाणे भाजून-फुलवून झाल्यावर त्यांच्यावर चरबी आणि मांसाचा अर्क यांचा थर दिला जातो. मांजर भुलते ते त्या वासाला आणि दाताखालच्या कुरकुरीतपणाला. पुण्यात जुलै लागला, चार-चार दिवस झड थांबेना, की आठ वाजता वाटीत घातलेले दाणे दुपारपर्यंत सादळलेल्या चिवड्यासारखे मऊ पडतात. बंडू वाटीशी येई, एक दाणा तोंडात घेऊन खाली टाकी आणि माझ्याकडे पाहत बसे. नवे दाणे घातले की दोन घास खाई, आणि तासाभराने पुन्हा तेच. स्वस्त पडते म्हणून आणलेली तीन किलोंची पिशवी घट्ट डब्यात भरूनही महिन्याभरात खवट वास देऊ लागली, आणि रोज मूठभर अन्न कचऱ्यात टाकताना मनाला फार लागे. ज्या कुरकुरीतपणासाठी तो दाण्यांचा हट्ट धरत होता, तोच पावसाळ्याचे चार महिने आम्ही त्याला देऊ शकत नव्हतो.

वेट फूडचेही त्रास आहेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात वाटी तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये आणि मुंग्या तर दहा मिनिटांत हजर होतात. पूर्वी दुधाचे पातेले ठेवत तशी वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवणे हा उपाय आम्हाला लागू पडला. बंडू ग्रेव्ही चाटून तुकडे तसेच ठेवी, म्हणून आता ते काट्याने कुस्करून देतो. फ्रिजमधले उरलेले पाउच गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून कोमट केल्याशिवाय तो तोंड लावत नाही. खर्चही आमच्याकडे जवळपास तिप्पट झाला, आणि हे प्रत्येकाला परवडेलच असे नाही.

वळवायचे ठरवलेच, तर उपाशी ठेवून हट्ट मोडण्याचा मार्ग कृपया धरू नये; मांजराने, विशेषतः स्थूल मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. आम्ही दाणे खलबत्त्यात कुटून त्यांची पूड वेट फूडवर भुरभुरवली आणि ती आठवड्या-आठवड्याने कमी करत नेली. बंडूला याला दोन महिने लागले. पाउच घेताना त्यावर संपूर्ण आहार असल्याचा उल्लेख आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण नुसते मासे आणि ग्रेव्ही असलेली पाकिटे पूरक खाद्य म्हणून विकली जातात आणि रोजच्या पोटभरीला ती पुरत नाहीत.

सध्या सकाळ-संध्याकाळ 85 ग्रॅमचे एकेक पाउच आणि रात्री 20 ग्रॅम दाणे, तेही डब्यातून थेट हातावर, असा क्रम बसला आहे. दिवसभर घर बंद राहत असेल तर दुपारचे खाणे म्हणून थोडे दाणे ठेवून जायला माझी हरकत नाही. मात्र पावसाळ्यात तेवढेच ठेवावेत, जेवढे मांजर तासाभरात संपवते.