कॅमेरे रात्रीच का झोपायचे

आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर. चार इमारती, ११२ फ्लॅट. मी खजिनदार. बँकेत उभा जन्म गेला, दुसऱ्याच्या वह्यांतल्या चुका काढण्यात. तरी एका माणसाने आम्हाला ५ लाख ६० हजारांच्या कामात हातोहात बनवलं, आणि त्या चेकवर माझीही सही आहे. सही केली तेव्हा चष्मा डोळ्यावर होता, हेही कबूल करते.

सर्वसाधारण सभेत ठरलं की जुने कॅमेरे काढायचे, प्रत्येक इमारतीच्या दाराला व्हिडिओ पॅनेल आणि चुंबकी कुलूप बसवायचं. फ्लॅटमागे ५,००० वर्गणी. तीन कोटेशनं आली. आम्ही ज्याला काम दिलं तो सर्वांत स्वस्त नव्हता, मधला होता. (मधला घेतला की माणसाला आपण फार विचार केला असं वाटतं.) गडी बोलायला गोड. क्लबहाउसमध्ये टेबल मांडून त्याने डेमो दिला. एक छोटा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडायचा डबा, हातभर निळी वायर, टोकाला कॅमेरा. वायर खुपसली आणि कॅमेऱ्याचा दिवा लागला. ना प्लग, ना अॅडॉप्टर. "काका, वीज पण ह्यातूनच आणि चित्र पण ह्यातूनच. इलेक्ट्रिशियनची गरजच नाही." चेअरमनकाका खुर्चीत पुढे सरकले. तिथेच सौदा झाला म्हणायला हरकत नाही.

तो खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगते. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याची पद्धत, चांगली आणि जुनी आहे. तिचं पहिलं मानक २००३ सालचं. त्यात स्विचच्या एका पोर्टमधून, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेतून, १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट पोचतील असं धरलेलं असतं. मधले अडीच वॅट वायर खाते. म्हणजे वायर खाणार हे मानक लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरलंय, पण किती खाणार याचा हिशेब तांब्याच्या तारेचा आणि जास्तीत जास्त १०० मीटरचा. २००९ मध्ये हा आकडा पोर्टला ३० वॅट झाला आणि २०१८ मध्ये ९० पर्यंत गेला. आता तर ऑफिसांमधले छताचे दिवेही या केबलवर चालवतात. हे सगळं मला नंतर कळलं. डेमोची वायर हातभर होती, हे तेव्हाही दिसत होतं.

काम मे महिन्यात झालं. १८ साधे कॅमेरे, २ फिरते, ४ दारांची पॅनेलं. सगळं ऑफिसातल्या एका २४ पोर्टच्या स्विचवर. कामाच्या शेवटी त्याच्या पोराने प्रत्येक केबलला टेस्टर लावून दाखवला. एक ते आठ हिरवे दिवे ओळीने लागतात. चोवीस केबली, प्रत्येकीवर आठ दिवे, आम्ही दोघं-तिघं बघत उभे. सेक्रेटरींनी वहीत टिका केल्या. त्या टेस्टरला फक्त एवढंच कळतं की आठ तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आणि बरोबर क्रमाने जोडल्यात. तार तांब्याची की कशाची, तिच्यातून वीज किती सुखाने जाईल, यातलं त्याला काही कळत नाही. चाचणी दुपारी बारा वाजता झाली, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या आठवड्यापासूनच रात्री काही कॅमेरे बंद पडायला लागले. फोन केला की उत्तर तयार. "मॅडम, नवीन सिस्टिम आहे, सेटल होऊ द्या." मग "सॉफ्टवेअर अपडेट मारतो." मग पावसाळा आला आणि सगळं खापर पावसाच्या डोक्यावर. माणूस यायचा तो सकाळी अकराला. तेव्हा चोवीसच्या चोवीस चित्रं ठणठणीत. तो आम्हाला स्क्रीन दाखवून चहा पिऊन जायचा.

रात्रपाळीचे वॉचमनमामा लातूरकडचे. त्यांना कमिटीने सांगितलं होतं की काय बंद पडलं ते रजिस्टरात लिहा. ते इमानाने लिहीत राहिले आणि ते रजिस्टर आम्ही कुणी वाचलं नाही. ऑगस्टमध्ये डी बिल्डिंगच्या लॉबीतून एका मुलाची सायकल गेली तेव्हासुद्धा नाही. नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या बक्षिसीचा हिशेब लिहिताना ते हाती आलं. "गेटचा क्यामेरा डोळे मिटला, ७.२०." हे जूनचं. सप्टेंबर संपताना ६.३०. नोव्हेंबरमध्ये ६.०५. बिघाडाची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी अलीकडे सरकत होती. मी भिंतीवरचं पंचांग काढलं आणि सूर्यास्ताचा रकाना शेजारी धरला. दोन्ही रकाने हातात हात घालून चालले होते.

माझा भाचा ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो. त्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "मावशी, अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. वीज दुप्पट लागते. कुठेतरी पुरत नाहीये. शनिवारी येतो."

शनिवारी आला तो आधी स्विचपाशी गेला. खोक्यावर ठळक छापलेलं: प्रत्येक पोर्टला ३० वॅट. त्याने स्विच उलटा केला, मोबाइलचा टॉर्च लावला. खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात: एकूण पीओई १२० वॅट. म्हणजे चोवीस खातेदारांना प्रत्येकी ३० हजारांचा ओव्हरड्राफ्ट मंजूर, आणि तिजोरीत सगळे मिळून १ लाख २० हजार. भाचा म्हणाला, सगळ्या पोर्टांना एकाच वेळी पूर्ण ३० देणारे स्विच महाग असतात, चांगल्या कंपन्याही तसं नेहमी देत नाहीत, त्यात फसवणूक नाही. पण एकूण किती ते विचारून आपली बेरीज त्यात बसवायची असते. आमची बेरीज त्याने कागदावर केली. दिवसा साधे कॅमेरे ४ वॅट, फिरते १०, पॅनेलं ५. एकूण ११२. जेमतेम आत. रात्री साधे ८, फिरते २०. एकूण २०४. अशा वेळी स्विच शेवटच्या क्रमांकाच्या पोर्टांची वीज तोडतो. शेवटचे पोर्ट कुणाचे? मागची भिंत, गेट आणि डी बिल्डिंगचं दार.

डी बिल्डिंगच्या दाराचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चुंबकी कुलूप वीज गेली की उघडतं. ते तसंच असायला हवं, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून. पण त्याचा अर्थ असा की जूनपासून अंधार पडला की आमचे कॅमेरे डोळे मिटत होते आणि डी बिल्डिंगचं दार आपोआप मोकळं होत होतं. तिथले लोक सांगत होते हो, की कार्ड न लावताच दार ढकललं की उघडतं. आम्हाला वाटलं, कार्ड विसरणाऱ्यांची सोय झाली.

मग केबल. माळ्यावर एक अर्धी पेटी उरली होती. भाच्याने ती नुसती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "हलकी आहे." वीतभर तुकडा कापला, वरचं आवरण सोललं, एक तार वेगळी काढून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग भुशासारखा निघाला आणि खाली चंदेरी. मग गॅस लायटरच्या ज्योतीत धरली. तार लाल व्हायच्या आधीच मान टाकून गळाली. त्याने खिशातून आणलेला दुसरा तुकडा, खऱ्या तांब्याचा, त्याच ज्योतीत नुसता लाल झाला आणि सरळ राहिला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ ला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन मिनिटांत निकाल लागला. आम्ही मेपासून फोन करत होतो.

या केबलला बाजारात सीसीए म्हणतात. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. आमच्या केबलीच्या आवरणावर कॅट ६, म्हणजे नेटवर्क केबलची प्रत, छापलीय, तारेचा गेज, म्हणजे जाडी, छापलाय, तांबं हा शब्द मात्र कुठेही नाही. नेटवर्क केबलची मानकं तांब्याची तारच मागतात, त्यामुळे ही केबल कॅट ६ म्हणवून घ्यायलाच नालायक. विजेला तिचा विरोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त. भाच्याने गेटपाशी एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या आणि ऑफिसात येऊन मीटर लावला. विरोध २८ ओहम. तेवढ्याच लांबीच्या तांब्यात सतरा-अठराच्या पुढे जायला नको होतं. आणि लांबी? ती होती १३० मीटर. शंभराची मर्यादा तिथेच मोडली होती.

लांबी कशी कळली ते सांगते, कारण त्यात मला माझ्या कामाचं काहीतरी सापडलं. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. एका टोकाचा आकडा वाचायचा, दुसऱ्या टोकाचा वाचायचा, वजाबाकी. गेटच्या केबलीचे आकडे जुळेनात. कुठेतरी शिल्लक पुढे ओढलीच नव्हती. चेंबरची झाकणं उघडत गेलो तेव्हा तीन जॉइंट सापडले. तारा हाताने पिळलेल्या, वर काळी चिकटपट्टी, आणि चेंबरमध्ये गुडघाभर चिखल. पेट्यांची शेपटं वाया जाऊ नयेत म्हणून जोडून टाकलेली. बिल मात्र पूर्ण पेट्यांचं.

पुण्यातल्या वायरी-स्विचांच्या बाजारात, तापकीर गल्लीत, मी स्वतः जाऊन आले. दुकानदाराने आधी मलाच विचारलं, "कॉपर पाहिजे की सीसीए?" म्हणजे लपवाछपवी काहीच नाही, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी. ३०५ मीटरची सीसीएची पेटी ३,८००. आमच्या बिलात तीच ९,२०० ला लागली होती. चौदा पेट्या. मी तिथेच रस्त्यावर गुणाकार केला आणि उसाचा रस प्यायले.

ठेकेदाराला बोलावलं. तो घाबरला नाही. "मॅडम, मार्केटमध्ये सगळे हेच टाकतात." मी गळालेला तुकडा टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "कोटेशनमध्ये कॉपर कुठे लिहिलंय दाखवा." आणि नव्हतं लिहिलेलं. "कॅट ६ केबल, ३०५ मीटर, १४ नग." जीएसटीच्या बिलावर ८५४४ हा मालाच्या प्रकाराचा कोड होता, पण त्या कोडात सगळ्याच इन्सुलेटेड वायरी येतात, तांब्याच्या काय आणि ॲल्युमिनियमच्या काय. स्विचपुढे "२४ पोर्ट पीओई" एवढंच. त्याने एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. जिथे खोटं लिहावं लागलं असतं तिथे त्याने जागा कोरी सोडली होती, आणि त्या कोऱ्या जागेवर आम्ही सह्या केल्या.

आमच्या हातात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे १० टक्के, ५६ हजार, आम्ही अडकवून ठेवले होते. दुसरी, मामांचं रजिस्टर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. नोंदणीकृत सोसायटीही कायद्याने ग्राहक ठरते, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगात जातं आणि मुदत दोन वर्षांची, हे वकिलांनी समजावलं. रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स जोडून नोटीस गेली. महिन्याभराने तो ९० हजार परत द्यायला तयार झाला आणि अडकवलेल्या ५६ हजारांवर पाणी सोडलं. माझं मत होतं, आयोगात जाऊ. कमिटीत मतदान झालं, तडजोड मंजूर. चेअरमनकाका म्हणाले, "तारखा घालत कोण बसणार?" मी विरोधात मत दिलं आणि इतिवृत्तात तसं लिहून घेतलं.

नवं काम मार्चमध्ये झालं. केबल आणि दोन स्विच मिळून ३ लाख १० हजार. या वेळी कोटेशनमध्ये आम्ही आमचे शब्द घातले: तार संपूर्ण तांब्याची, मुलामा चालणार नाही. कुठलीही केबल ९० मीटरच्या वर नाही, मध्ये जॉइंट नाही. स्विचचे एकूण वॅट आकड्यात. गेटजवळ वेगळा छोटा स्विच, ऑफिसपासून तिथवर फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल. प्रत्येक पेटी उघडायच्या आधी आमच्यासमोर तुकडा कापून खरवडायचा. आणि शेवटचा हप्ता सलग सात रात्री सगळं चालू राहिल्यावर. एका ठेकेदाराने हा कागद वाचला आणि परत फोनच केला नाही. ज्याने काम घेतलं त्याने वाचून फक्त विचारलं, "मागच्याने सीसीए टाकली होती का?"

काढलेली केबल पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली होती. परवा भंगारवाला आला. मी म्हटलं, नेटवर्कची वायर आहे, दर सांग. त्याने पोत्यात हात घातला, एक टोक ओढलं, दातांनी आवरण काढलं, तार नखाने खरवडली आणि काटा लावायच्या आधीच म्हणाला, "ताई, हे तांबं नाय. ॲल्युमिनियमच्या भावानं घेईन."